पहाटेची लोकल आणि न प्यायलेले पाणी

कर्जतमध्ये दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला रुग्ण कोणत्या गाडीने आला हे बहुधा विचारावे लागत नाही. रात्री आठ-साडेआठनंतर जी मंडळी येतात ती स्टेशनवरून थेट आलेली असतात. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, आणि बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटलेले. घरी गेले की पुन्हा बाहेर पडणे होत नाही, म्हणून आधी दवाखाना.

काही महिन्यांपूर्वी अशाच एक भगिनी आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, मुंबईला फोर्टात नोकरी. लघवीला जळजळ, सारखी जाण्याची भावना, ओटीपोटात दुखणे. वर्षातली ही चौथी खेप. दर वेळी मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणि ते गुलाबी सरबत आणायचे, दोन दिवसांत बरे वाटले की बंद. या खेपेला मात्र थंडी वाजून ताप होता आणि उजव्या कुशीत बोट लावू देत नव्हत्या. मी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पाणी प्यायले तर गाडीत काय करू?"

या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर १०० किलोमीटर. लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात, खोपोली किंवा कसाऱ्याहून येणाऱ्यांना त्याहून अधिक. आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसते. जवळच्या अंतराची गाडी म्हणून ती बांधली गेली. पण गाव लांब होत गेले, गाडी तीच राहिली. मुंबई-ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली, तरी साध्या वर्गाच्या प्रवाशाला लांबच्या गाडीतसुद्धा शौचालय मिळायला अर्धे शतक उलटून जावे लागले. बंगालमधल्या ओखिलचंद्र सेन नावाच्या गृहस्थांनी १९०९ साली रेल्वेच्या साहेबाला पत्र लिहिले. फणस जास्त झाला, स्टेशनवर उतरून आडोशाला गेले, आणि तेवढ्यात गार्डाने शिटी दिली! त्या पत्रामुळे डब्यांत सोय झाली असे सांगतात. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते पत्र लोक हसत हसत वाचतात. आमच्या भगिनींना हसू येण्याची शक्यता कमी आहे.

त्यांचा दिवस मी कागदावर मांडला. पहाटे चारला उठून चहा. गाडीत काही नाही. कचेरीत अकराला पुन्हा चहा, दुपारी डब्याबरोबर एक भांडे पाणी. चारनंतर तोंडाला पाणी लावायचे नाही, कारण परतीची गाडी. सगळे मिळून लिटरभरही भरेना. शिवाय कचेरीतही लाजेपोटी दिवसातून एकदाच जाणे.

स्त्रियांच्या शरीरात मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा असतो, पुरुषांत तो साधारण वीस. आतड्यातले जंतू तिथून वर चढायला स्त्रियांत फार वेळ लागत नाही. लघवीबरोबर ते रोज धुऊन निघतात, हीच निसर्गाने केलेली सोय. पाणी कमी प्यायले की लघवी कमी होते, ती तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला सवड मिळते. मूत्राशयापुरते असते तोवर जळजळ. वर मूत्रपिंडापर्यंत पोचले की थंडीताप, कुशीत दुखणे, ओकाऱ्या. या बाईंचे तेच झाले होते. चार दिवस रुग्णालयात राहून इंजेक्शने घ्यावी लागली. लघवीच्या कल्चर तपासणीत असे दिसले, की आधी अर्धवट घेतलेल्या गोळ्यांना जंतू आता दाद देत नव्हते. गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, असे डॉक्टर कंटाळा येईपर्यंत सांगतात ते यासाठी.

आता उपाय. पाणी टाळण्यापेक्षा पाण्याचे वेळापत्रक बसवावे. निरोगी माणसाची मूत्रपिंडे साधारणपणे तासाला साठ ते शंभर मिलिलिटर लघवी तयार करतात. मूत्राशयात चारशे मिलिलिटर तरी मावते. म्हणजे गाडीत बसण्यापूर्वी मूत्राशय पूर्ण रिकामे असेल, तर दोन तासांचा प्रवास बहुतेकांना त्रासाविना निभतो. उठल्याबरोबर भांडेभर पाणी, घरातून निघताना लघवी करून निघणे. कचेरीत पोचल्यावर आधी स्वच्छतागृह, मग दोन भांडी पाणी, आणि दुपारी चारपर्यंत थोडे थोडे पीत राहणे. निघण्यापूर्वीचा तासभर पाणी थांबवले तर हरकत नाही. निघताना पुन्हा एकदा जाऊन यावे. घरी आल्यावर राहिलेले पाणी भरून काढावे. दिवसाला दोन लिटरच्या आसपास भरले पाहिजे, उन्हाळ्यात अधिक. मोजमाप ठेवायचे नसेल तर लघवीचा रंग पाहावा. फिकट गवती असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडते आहे. गाडीत बसण्यापूर्वीचा चहा मात्र सोडावा, त्याने लघवीची भावना लवकर होते. धण्याचे पाणी, बार्लीचे पाणी खुशाल प्यावे. पण ताप असताना त्यावर विसंबू नये.

स्टेशनावरचे स्वच्छतागृह घाण असते, तिथून रोग लागेल, म्हणून बऱ्याच जणी आत पाऊलच टाकत नाहीत. भीती समजू शकते. पण हे जंतू बहुतांशी आपल्याच आतड्यातले असतात; घाण भांड्यापेक्षा तुंबवलेली लघवी त्यांना अधिक मानवते. अधांतरी, घाईघाईत लघवी केली तर मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, तेही वाईट. पाळीच्या दिवसांत पॅड चार-सहा तासांनी बदलायला हवे, सकाळी घातलेले घरी येईपर्यंत ठेवू नये.

स्वच्छतागृह असणे आणि ते वापरता येणे या गोष्टी मात्र वेगळ्या. एका स्टेशनावर बायकांकडच्या दाराला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही, असे दोघी-तिघींनी मला सांगितले आहे. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' नावाने बायकांनी मोहीम काढली, तेव्हा पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांना पैसे, हा मुद्दा प्रथम चव्हाट्यावर आला. नावाला लोक हसले. मला विचाराल तर ही मागणी लसीकरणाच्या बरोबरीची आहे. फलाटाची उंची, सरकते जिने यांवर प्रवासी संघटना निवेदने देतात, तीत कुलपाचाही एक मुद्दा घालावा. अध्यक्ष पुरुष असले तरी.

गर्भवती भगिनींनी जास्त जपावे. गरोदरपणात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, आणि उपचार न केल्यास ते मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात, कळा वेळेआधी येण्याची भीती असते. नाव नोंदवतानाच लघवीची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनाही हा संसर्ग लवकर होतो.

पुरुष मंडळींनी हा लेख बायकोकडे सरकवण्यापूर्वी दोन ओळी वाचाव्यात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते. माझ्याकडचे एक गृहस्थ चांगले सहा महिने ती गोळी सोमवार ते शनिवार घेतच नव्हते, फक्त रविवारी! कारण विचारले तर लोकल. रक्तदाब १८० च्या वर. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना गाडीची वेळ सांगा. वेळ बदलता येते, बऱ्याचदा गोळीही बदलता येते. या गृहस्थांची बदलली, आता आकडा खाली आहे. आणि पन्नाशी उलटलेल्या, लघवीची धार बारीक झालेल्या माणसाने सर्दीची गोळी परस्पर घेऊन गाडीत बसू नये. तिने लघवी अडकते, ओटीपोट फुगते, आणि मग कल्याणला उतरून नळी घालून घ्यावी लागते. पावसाळ्यात माझ्या माहितीत असे दोघे झाले.

त्या भगिनी सध्या बऱ्या आहेत. पर्समध्ये बाटली असते. परवा आल्या त्या मुलाच्या खोकल्यासाठी, आणि जाता जाता म्हणाल्या, कचेरीतल्या तिघींनी वेळापत्रक उतरवून घेतले आहे. त्यांतली एक टिटवाळ्याची, तिला वेळा बदलून द्या.