काळ्या मातीच्या पोटातले पाणी

वैशाखात विदर्भातील काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या सरींनंतर त्या मिटतात. याच उलाघालीने काळ्या जमिनीवरील घरांच्या भिंतींना तडे जातात. या साऱ्याचे मूळ आहे ते मातीतील स्मेक्टाइट गटातल्या खनिजांत आणि त्यांच्या पापुद्र्यांमध्ये शिरणाऱ्या, जेमतेम एक-दोन रेणू जाडीच्या पाण्यात.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही खनिजे बनली. त्यांचा एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग जाड असतो. त्यावर ऋण विद्युतभार असतो आणि तो तोलून धरण्यासाठी मधल्या जागेत सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन बसलेले असतात. पाणी आत येते ते मुख्यतः या आयनांच्या ओढीने. रेणू आपली ऑक्सिजनची बाजू आयनाकडे करून जागा घेतो. (कोकणातील लाल मातीत केओलिनाइट प्रमुख असते. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असल्याने तिथे पाण्याला शिरकाव नाही आणि जमिनीला अशा भेगाही नाहीत.)

हे पाणी स्पंजात मुरावे तसे मुरत नाही, ते पायरी-पायरीने चढते. क्ष-किरणांनी मोजल्यास कोरड्या खनिजात एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ०.९६ नॅनोमीटर भरते. पाण्याचा एक थर शिरताच ते १.२५, दोन थरांनी १.५५, तर तिसऱ्याने १.९च्या आसपास जाते. हे पाणी पेल्यातल्या पाण्यासारखे मोकळे नसते, त्याच्या रेणूंची हालचाल मंदावलेली असते. पिकाच्या मुळांना ते ओढता येत नाही. म्हणूनच माती हाताला ओलसर लागत असतानाही पीक सुकू लागते.

पुढचे सारे आयनावर ठरते. कॅल्शियमचे दोन भार पापुद्र्यांना बांधून ठेवतात आणि फुगणे साधारण तीन थरांपाशी थांबते. सोडियमचा एकच भार अपुरा पडतो व पापुद्रे सुटे होतात. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्याचे दुखणे हेच आहे. सुटलेले कण मातीची छिद्रे बुजवतात आणि पावसाचे पाणी वरच साचते. विहिरीचे खारे पाणी दिले, तर सोडियम आणखी वाढतो.

जिप्सम टाकल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र हा सुटलेला सोडियम धुऊन जाण्यासाठी गोडे पाणी आणि चांगला निचरा लागतो, आणि या पट्ट्यात नेमकी त्याचीच वानवा आहे.