सड्यावरचा एक खळगा

त्याच त्या दगडाचा फोटो पुन्हा पुन्हा कशाला काढायचा, असं विचारतोस ना? ये, बस इथं. रत्नागिरीच्या सड्याची गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही, राणी नाही, पण जादू आहे, आणि तीही खरी.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा उघडा माळ. खाली सगळा जांभा. लाखो वर्षं पाऊस खडकात मुरत गेला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं उरलं. तोच हा तांबडा, भोकाभोकांचा कातळ. वैशाखात त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. पहिला फोटो मात्र तेव्हाच काढायचा. वरून काळपट पडलेला खडक, मध्ये एक उथळ खळगा, तळाशी भेगाळलेला चिखल. बस्स!

जागेची खूण म्हणून दगड रचायचे नाहीत हं. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली विंचू, पाली, बेडूक बिऱ्हाड करून असतात. त्यापेक्षा कातळातल्या एखाद्या ठळक भेगेवर पाय रोवायचे, लांबचा विजेचा खांब चौकटीच्या डाव्या कडेला घ्यायचा आणि झूमला हात लावायचा नाही. दर पंधरवड्याला मागचा फोटो उघडून नवा त्याच्याशी जुळवायचा. ही युक्ती काही तुझ्या आजोबाची नव्हे. सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर नावाच्या जर्मन गणितज्ञानं 1888 च्या सुमारास आल्प्समधल्या हिमनद्यांचे असे फोटो घ्यायला सुरुवात केली. हिमनदी सरकते की आटते, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. डोळा काल पाहिलेलं विसरतो.

मिरगाचा पाऊस कोसळला की खळगा भरतो, आणि रात्रीत बेडकांची जत्रा! नर एरवी मातकट असतात, ते पिवळेधमक होऊन डरांव डरांव करतात. त्याच पाण्यात थोड्या दिवसांनी काचेसारखे पारदर्शक, पाठीवर पोहणारे चिमुकले जीव दिसतात, कोळंबीच्या जातकुळीतले. ते आले कुठून? कुठूनच नाही. त्यांची अंडी त्या भेगाळलेल्या चिखलातच पडून होती, उन्हात करपत, पाण्याची वाट बघत. म्हणजे वैशाखातल्या तुझ्या फोटोत ती होतीच की!

खरी मौज श्रावण-भाद्रपदात. खळग्याभोवती रंगांची कडी उमटतात. पाणी साचून राहतं तिथं पांढरे गेंद, बोटभर माती धरलेल्या जागी गवत आणि पिवळा कवळा, आणि मातीचा नुसता पापुद्रा असून पाणी झिरपत राहतं तिथं जांभळी-निळी सीतेची आसवं. आता वैशाखातला फोटो शेजारी ठेव. दगड सपाट वाटत होता ना? कुठं उतार आहे, कुठं माती जाड, कुठं पातळ, हे सगळं फुलांनी आखून दिलंय. मला तर नुसत्या फुलांच्या फोटोंपेक्षा हा नकाशाच जास्त आवडतो.

सीतेची आसवं दिसायला गरीब, पण आहेत शिकारी. धुपलेल्या जांभ्यात नायट्रोजन नावापुरता. मग पोट भरायचं कसं? त्यांच्या मातीतल्या धाग्यांना मिलिमीटरभराचे फुगे असतात. झाड फुग्यातलं पाणी बाहेर काढून टाकतं, तसा तो दाबून धरलेल्या ड्रॉपरच्या रबरासारखा आत चेपतो. तोंडाशी एक झडप, झडपेवर केस. सूक्ष्म किड्याचा केसाला धक्का लागला रे लागला की झडप उघडते, फुगा फुगतो आणि पाण्यासकट किडा आत! डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. वर फूल मात्र वाऱ्यावर डोलतंय. हे काही तुझा मोबाइल टिपू शकत नाही, बरं का.

दिवाळीनंतर पाणी आटतं, गवत सोनेरी आणि मग करडं होतं. कधी वणवा लागतो, तोही फोटोत येऊ दे. चौकटीच्या कडेला चिऱ्याची खाण सरकत आली, तर तीही. नकोसं म्हणून कोन बदलायचा नाही, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

"मग पौषात काय काढायचं? तेव्हा तर काहीच नसतं."

नसतं कसं? कातळावर काळी, कुरकुरीत खपली दिसेल. मेल्यासारखी. ते शेवाळ आहे. बाटलीतलं ओंजळभर पाणी शिंपड तिच्यावर, आणि त्या दिवशी पंधरवडाभर थांबू नकोस, मिनिटामिनिटाला फोटो काढ.