सात वर्षांची टोपली

आपल्या भोकरच्या शिवारात ज्वारी पेरली की चार-पाच महिन्यांत कणीस हाती येतं. पण फुलायलाच सात वर्षं घेणारं झुडूप तुम्हाला ठाऊक आहे का? ते आपल्या महाराष्ट्रातच आहे. त्याचं नाव टोपली कारवी.

हे झुडूप पाहायचं तर इथून पाचशे किलोमीटरांहून जास्त प्रवास करून सातारा गाठावा लागेल. साताऱ्याजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. तिथे आपल्यासारखी खोल काळी माती नाही. खाली जांभ्या दगडाचा कठीण थर आणि वर मातीचा पातळसा थर, काही ठिकाणी तर जेमतेम बोटभर! पावसाळ्यात तिथे धो-धो पाऊस पडतो. खडकामुळे पाणी लवकर मुरत नाही, मग जागोजागी दलदल होते. उन्हाळ्यात तोच खडक तव्यासारखा तापतो. शिवाय माथ्यावरचा भन्नाट वारा आहेच.

अशा जागी मोठं झाड कसं टिकणार? मुळं खोल जायला माती नाही आणि उंच वाढलं तर वारा मोडून टाकणार. म्हणून टोपली कारवी जमिनीलगतच पसरते. तिचं गोल, गच्च झुडूप उपड्या टोपलीसारखं दिसतं. म्हणून तर हे नाव पडलं! सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी तिची बहीण, म्हणजे मोठी कारवी, माणसापेक्षा उंच होते. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती डोंगरातले लोक घरांना करत आले आहेत. टोपली कारवी मात्र ठेंगणी. डोंगरमाथ्यावर ठेंगणेपणा हेच शहाणपण!

आता गंमत ऐका. सहा वर्षं ही झुडपं नुसतीच हिरवी दिसतात. सातव्या वर्षी मात्र बहुतेक सगळी एकदमच जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातात. मधमाश्यांची तर चंगळच! एकमेकींना निरोप धाडल्यासारख्या त्या एकाच वर्षी का फुलतात? शास्त्रज्ञांच्या मते, एकदम खूप बिया तयार झाल्या की किडे-पाखरं कितीही खावोत, काही बिया उरतातच. आपण दोघे-तिघे चिंचा पाडायला गेलो, तर एका झाडाच्या सगळ्या चिंचा संपवू का? तसंच हे!

तिच्या नात्यातल्या इतरांचे हिशेब वेगळे आहेत. मोठी कारवी आठ वर्षांनी फुलते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ नंतर २०१६ मध्ये बहरली. केरळात मुन्नारजवळची नीलकुरिंजी बारा वर्षं थांबते. २००६ नंतर ती २०१८ मध्ये फुलली.

कासच्या दलदलीत टोपली कारवीला शेजारीही भारी मिळाले आहेत. चिखलातल्या मातीतून पोषण पुरेसं मिळत नाही. म्हणून 'सीतेची आसवं' नावाची इवलीशी निळी फुलं येणारी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत ओढून घेते आणि पचवते. 'दवबिंदू' तर पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते!

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानलं, त्यात कासही आहे. तेव्हापासून तिथे फुलं बघायला येणाऱ्यांची गर्दी खूप वाढली. पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. का बरं? फुलं तोडणं वाईट, हे आपण जाणतोच. पण फोटोसाठी फुलांत जाऊन बसणं त्याहून वाईट. बोटभर माती पायांनी दाबली गेली की ती घट्ट होते. मग त्यात बी रुजणार कसं? आणि ती माती वाहून गेली, तर खाली राहतो उघडा खडक. तिथे पुन्हा माती साठायला कित्येक पिढ्या जातात.

आता एक गणित करा. तुम्ही पहिलीत असताना टोपली कारवी फुलली, तर ती पुन्हा फुलेल तेव्हा तुम्ही आठवीत असाल. त्या सात वर्षांत तुम्ही पाढे शिकाल, सायकल शिकाल, उंचही व्हाल. ती मात्र तिथेच, तेवढीशीच, एका बहराची तयारी करत राहील. तेव्हा आई-बाबांबरोबर कधी कासला गेलात, तर पायवाट सोडू नका. आणि बाबा फोटोसाठी फुलांत शिरू लागले, तर त्यांनाही हळूच हात धरून मागे ओढा!