दोन मुठी तांदूळ

सणसरला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. त्याआधी गावातल्या भिंती रंगतात. यंदा एका भिंतीवर दिंडी निघाली होती, पण वारकऱ्यांची अंगं वारली धाटणीची: टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, हातपाय काड्यांचे. डहाणूच्या डोंगरातली ही माणसं आमच्या उसाच्या मुलखापर्यंत आणली कुणी? शोधताना भास्कर कुलकर्णींचं नाव सापडलं आणि मी डहाणूकडच्या गंजाडची वाट धरली.

कुलकर्णी मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार. 1966-67च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत धाडलं, भिंतीवरची चित्रं कागदावर यावीत आणि बायकांच्या हाती चार पैसे पडावेत म्हणून. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ते वारली पाड्यांवर आले. मग ही दोन ठिकाणं त्यांना सुटली नाहीत.

मी गेलो तेव्हा गंजाडच्या पाड्यावर लग्नघर होतं. कारवीचा कूड शेणामातीनं लिंपून वर गेरू दिलेला. एक आजी त्यावर लग्नाचा चौक लिहायला बसल्या. बांबूची काडी दातांनी चावून तिचं टोक कुंच्यासारखं मऊ केलं. रंग किती लागेल विचारलं, तर म्हणाल्या, "दोन मुठी तांदूळ."

वाटलेल्या तांदळाचा कच्चा, दुधाळ वास ओल्या शेणाच्या वासात मिसळून खोलीभर झाला होता. अजूनही कुठे तांदूळ वाटत असले की मला ती खोली आठवते. आधी चौकट उठली, मग तिच्या कडेची बारीक नक्षी, ओळीमागून ओळ. ओली असताना रेघ जेमतेम दिसायची; वाळली की पांढरी उमटायची. म्हणजे आजी न दिसणारी रेघ ओढत होत्या, आणि हात कुठे चाचरत नव्हता. मधोमध पालघाट देवी आली. बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. या देवीवाचून लग्न लागत नाही, आणि चौक लिहायचा मान सवाशिणींचा.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे मात्र पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढायचे. लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचा बसली होती. सांगायचं ते धुळीत रेखाटून सांगत. कुलकर्णींनी हा हात ओळखला, त्याला कागद दिला. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशेंचं प्रदर्शन भरलं, 2011मध्ये पद्मश्री आली. 1983 साली कुलकर्णी मिथिलेतच वारले. त्यांची स्वतःची चित्रं आज फारशी कुणाच्या डोळ्यांसमोर नाहीत. गावावर जीव जडलेला चित्रकार सहसा ते गाव आपल्या कॅनव्हासवर नेतो. कुलकर्णींनी कॅनव्हास गावाच्या हाती दिला. मला हे मोठं चित्रकारपण वाटतं.

तरी एक सल राहतो. कागद आला, पैसा आला, तसे कुंचले बहुतेक पुरुषांच्या हाती गेले. दुकानातल्या वारली चित्राखाली पुरुषाची सही असते. दोन मुठी तांदळात देवी उभी करणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारत नाही. कुलकर्णींनी पाड्यांवर सुरू केलेलं काम या बायकांची नावं लिहून घेतल्याशिवाय आणि त्यांना मोबदला मिळाल्याशिवाय पुरं व्हायचं नाही.