थांब्यांचा हिशेब

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी पुन्हा विचारलं, "अगं, तू तिकडे नक्की करतेस तरी काय?" तीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेल्या माणसाला 'मोटर-प्रथिनांचं संगणकी मॉडेल' कसं समजावायचं? या वेळी मी त्यांच्याच गाडीत चढले.

म्हटलं, "बाबा, कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा चेतातंतू म्हणजे जवळपास मीटरभर रस्ता. लागणारा माल कण्याजवळच्या पेशीत तयार होतो आणि कायनेसिन नावाचं प्रथिन तो ओढून नेतं. दोन पाय, 8 नॅनोमीटरचं एक पाऊल. दर पावलाला एटीपीचा एक रेणू, हेच त्याचं डिझेल."

कायनेसिन 1985 मध्ये म्हाकूळ माशाच्या जाड चेतातंतूमुळे सापडलं. कोडं होतं ते मालाचं. चेतातंतूला जाडी देणारे न्यूरोफिलामेंट नावाचे धागे दिवसाला सरासरी मिलिमीटरभरच सरकतात. म्हणजे मीटरभर जायला जवळजवळ तीन वर्षं! त्यांची मोटरच संथ असेल, असं वाटायचं. पण 2000 मध्ये जिवंत पेशीत हे धागे पळताना दिसले, सेकंदाला साधारण अर्धा मायक्रॉन. न थांबता गेले तर तेवीस दिवसांत पोचतील.

मग वेळ जातो कुठे? ओहायोतल्या अँथनी ब्राऊन आणि पीटर युंग यांनी 2005 मध्ये मॉडेल मांडलं. त्यात प्रत्येक धागा जणू फासे टाकतो: पळायचं की थांबायचं? थांबेही दोन प्रकारचे. एक रुळावरचा छोटा, दुसरा रुळाबाहेरचा लांबलचक. उंदरांवरच्या प्रयोगांशी हिशेब जुळला तेव्हा दिसलं, की धागे 97 टक्के वेळ नुसते उभेच असतात.

बाबा हसले. "गाडी चांगली, वेळ थांब्यांवर जातो. हे तर आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो!"

मग जरा गप्प झाले. मधुमेहात सर्वांत लांब चेतातंतू आधी दुखावतात. बाबांच्या पायाची बोटं हल्ली बधिर असतात. "माझ्या पायाला याचा काही उपयोग?"

"आज नाही, बाबा." खोटं बोलवेना. पण एएलएससारख्या आजारात हेच धागे पेशीत साचतात. मोटर मंदावली की थांबे वाढले, हे नुसता ढीग पाहून कळत नाही. मॉडेलमध्ये दोन्ही करून बघता येतं. दुरुस्ती कुठे करायची, ते त्यावरच ठरणार.

"बरं, चालू दे तुझं," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही तळवे रोज आरशात बघता ना?"

"बघतो गं. आजपासून."