कडुनिंब: पाडव्याचा आणि रोजचा

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचं गौतमपुरा बाहेरच्यांना ठाऊक असतं ते दिवाळीनंतरच्या हिंगोट युद्धामुळे. पण इंदूरच्या या टापूत गुढीपाडव्याची सकाळही पाहण्यासारखी असते. माळवी मंडळी नीम-मिश्री वाटतात. मराठी घरांत कडुनिंबाची कोवळी पानं, फुलोरा, चिंच, गूळ, ओवा, हिंग, मिरी आणि मीठ वाटून सुपारीएवढी चटणी हातावर ठेवतात आणि पोरं तोंड वाकडं करून ती गिळतात. इथवर सगळं ठीक. भानगड होते ती दुसऱ्या दिवसापासून: एवढ्याशाने गुण येतो, मग रोज पेलाभर रस का नको?

एवढ्याशाने वर्षभराची राखण होते, हेच आधी खरं नाही. वर्षभर पुरेल असा औषधाचा साठा शरीर करत नाही. ‘रक्तशुद्धी’चंही तसंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करतात, त्यासाठी रसाची वाट पाहत नाहीत.

सर्वांत चिवट समज मधुमेहाचा. कडू खाल्लं की साखर मरते म्हणे! कडूपणा जिभेवर कळतो, साखर रक्तात असते. त्यांची गाठ पडत नाही. मात्र पानात काहीच नाही असंही म्हणता येणार नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या एका चाचणीत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या रुग्णांना पानं आणि डहाळ्यांचा मोजून केलेला अर्क 12 आठवडे दिला, तेव्हा साखर उतरली. यातले दोन शब्द लोक सोयीने विसरतात: ‘मोजून’ आणि ‘मेटफॉर्मिन’. मिक्सरमधल्या मूठभर पानांत किती अर्क उतरतो हे कोणीच सांगू शकत नाही. वर गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर नको तितकी खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते.

‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ हे वाक्य तर माझ्या डोक्यातच जातं. मलेशियातल्या डॉक्टरांनी 1981 साली निंबोळीचं तेल पाजलेल्या लहान मुलांमधल्या गंभीर विषबाधेची नोंद केली: उलट्या, झटके, यकृत आणि मेंदूवर आघात. तान्ह्या बाळाला हे तेल थेंबभरही पाजू नये. गरोदर बायकांनी आणि मूल हवं असलेल्या जोडप्यांनी रस-काढ्याच्या वाटेला जाऊ नये.

शिवाय झाड तेच आहे ना, हेही पाहायला हवं. बकाणा निंब, माळव्यातला बकायन, दिसायला भाऊच. पण विषारी, फळं तर विशेषच. डहाळी हातात घेऊन बघा. कडुनिंबाच्या देठाला दोन्ही बाजूंनी सरळ पानं येतात, करवतीच्या कडांची, किंचित कोयत्यासारखी वाकलेली. बकाण्याच्या देठाला आधी उपदेठ फुटतात आणि पानं त्यांवर येतात. त्याची फुलं जांभळट, कडुनिंबाची पांढरी.

कांजिण्यांत अंथरुणावर पानं पसरतात. तो दिलासा झाला. विषाणूवर तो उपचार नाही. आणि हे झाड रात्री ऑक्सिजन सोडतं, ही निव्वळ थाप.

धान्याच्या कोठीत सुकी पानं जरूर घाला, पाडव्याची चटणीही चुकवू नका. रोज घ्यायचं असेल तर आधी चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, आणि रसाच्या नादी लागून त्यातली एकही गोळी परस्पर बंद करू नका.