बर्गहेडची खडकातली विहीर

मंडळी, १८०९ सालची गोष्ट. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर बर्गहेड नावाचे गाव तेव्हा नव्याने वसत होते. गावाला गोडे पाणी हवे, म्हणून लोक जुन्या किल्ल्याच्या जागेत झरा शोधू लागले. खणता खणता काय सापडले? खडकात कोरलेल्या सुमारे वीस पायऱ्या! खाली चौकोनी दालन, मधोमध पाण्याचे टाके आणि भोवती फिरण्यापुरता कट्टा. आपल्याकडच्या बारवेचीच आठवण यावी!

आधी लोक म्हणाले, ही रोमन विहीर. पण तसे नाही. पिक्ट लोकांच्या किल्ल्यातली ही विहीर, असे आज मानले जाते. पिक्ट म्हणजे उत्तर स्कॉटलंडचे जुने रहिवासी. रोमन लेखकांनी त्यांचे नाव प्रथम २९७ साली नोंदले. त्यांनी स्वतः लिहिलेले ग्रंथ मात्र उरले नाहीत. म्हणूनच त्यांच्या कोरीव दगडांना आणि बांधकामांना एवढे मोल!

आता तुम्ही विचाराल, पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तज्ज्ञांची मते निरनिराळी आहेत. कोणी म्हणतात, किल्ल्याचा पाणीपुरवठा. कोणी म्हणतात, जलदेवतेचे स्थान. कोणी म्हणतात, ख्रिस्ती दीक्षेचे कुंड. ७३९ साली एका पिक्ट राजाने दुसऱ्या राजाला बुडवून मारले, अशी आयरिश वृत्तांतात नोंद आहे. म्हणून, अशी शिक्षा इथेही देत असतील का, असाही तर्क होतो.

निश्चित उत्तर मिळत नाही, याचे एक कारण माणसाच्या हातचेच आहे. बंदर आणि गाव बांधताना किल्ल्याचा मोठा भाग मोडला गेला. बैल कोरलेल्या सुमारे तीस शिळा तिथे निघाल्याचे सांगतात. आज उरल्या आहेत फक्त सहा! दगड हलला, की तो कुठे आणि कशाशेजारी होता ही माहितीही गेली. पुराणवस्तू संशोधकाला दगडाइतकीच त्याची जागा मोलाची असते.

तरी सगळेच संपले नव्हते. २०१५ पासून ॲबरडीन विद्यापीठाने तिथे उत्खनन केले. तेव्हा लांबट घराच्या खुणा आणि आल्फ्रेड राजाचे, नवव्या शतकातले, भोक पाडलेले नाणे मिळाले.

गुरुजींनो, गावातल्या जुन्या विहिरीचा गाळ उपसताना मुलांना सोबत न्या. कोरीव दगड दिसला तर हलवू नका. जागा टिपा, आकृती काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. पाणी पुन्हा लागेल. मोडलेली साक्ष मात्र पुन्हा उभी राहत नाही.